'असंच असतं, पाठ कर' हे उत्तर नाही

वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही तीन-चार कार्यकर्ते तिथे मुलांचा अभ्यास घेतो. आमच्यापैकी कुणीही गणिताचा पदवीधर नाही. एक जण समाजशास्त्र शिकलेला, एक जण नर्सिंग केलेली, एक आयटीआय झालेला. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने वही पुढे सरकवली आणि विचारले, "दादा, ऋण गुणिले ऋण धन कसं होतं? दोन उण्या गोष्टींतून अधिक कसं निघेल?"

आम्ही शाळेत जे ऐकले होते तेच बोललो, "नियम आहे तो."

ती म्हणाली, "शाळेत पण हेच सांगितलं. असंच असतं, पाठ कर." मग वही मिटता मिटता सहज पुढे म्हणाली, "मी दहावीनंतर आर्ट्सच घेणार आहे. गणित आपलं नाही."

आर्ट्स घेण्यात कमीपणा काही नाही. आमच्यातलेच निम्मे त्या बाजूचे आहेत. पण आवडीने एखादी शाखा निवडणे वेगळे आणि एका न मिळालेल्या उत्तरामुळे दुसरी शाखा कायमची बंद होणे वेगळे. "आपलं नाही" हे तिचे शब्द आम्हाला लागले. त्या आठवड्यात आम्हीच पुस्तके घेऊन बसलो. पुढच्या रविवारी खोलीच्या खिडकीला सुतळीने एक शंभर पानी वही बांधली आणि तिच्यावर लिहिले, 'प्रश्नवही'. नियम दोनच ठेवले. विचारणाऱ्याला कुणी हसायचे नाही. आणि उत्तर देणाऱ्याने "असंच असतं" म्हणायचे नाही. माहीत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणायचे आणि खरोखर सांगायचे.

त्या वहीतले काही प्रश्न इथे मांडतो आहोत. वरवर पाहता हे गप्पांमधले, सहज विचारलेले प्रश्न आहेत. परीक्षेत ते येत नाहीत. पण मूल गणित-विज्ञानात टिकणार की बाहेर पडणार, हे पुष्कळदा याच प्रश्नांपाशी ठरते, असा आमचा अनुभव आहे.

ऋण गुणिले ऋण

उत्तर आम्हाला बचत गटाच्या हिशेबात सापडले. समजा, तुमच्याजवळच्या पैशांतून रोज ५० रुपये जातात. रोजचा बदल झाला उणे ५०. तीन दिवसांनी काय होईल? आजच्यापेक्षा १५० रुपये कमी असतील. म्हणजे ३ गुणिले उणे ५० बरोबर उणे १५०. आता उलट विचारा. तीन दिवसांपूर्वी काय होते? मागचे दिवस म्हणून उणे ३. तेव्हा तुमच्याजवळ आजच्यापेक्षा १५० रुपये जास्त होते. म्हणजे उणे ३ गुणिले उणे ५० बरोबर अधिक १५०. यात जादू काही नाही. पैसे रोज कमी होत असतील, तर मागे गेल्यावर ते जास्तच दिसणार.

ज्यांना गोष्टीपेक्षा आकडे पटतात, त्यांच्यासाठी फळ्यावर उणे २ चा पाढा उलटा लिहिला:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

प्रत्येक ओळीत उत्तर २ ने वाढते आहे. आता पुढची ओळ, (−१) × (−२), काय असावी? मुलांनीच सांगितले, "अधिक २." तिथे उणे २ लिहिले, तर इतका वेळ नीट चाललेला पाढा अचानक उलटा फिरेल. गणितज्ञ हा नियम का पाळतात, याचे कारणही हेच आहे. बेरीज आणि गुणाकाराचे बाकीचे नियम शाबूत ठेवायचे असतील, तर ऋण गुणिले ऋण धन मानल्याशिवाय गत्यंतर नाही.

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात हे नियम मांडले तेव्हा त्यानेही धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, हीच भाषा वापरली होती. आपण आजही 'ऋण' म्हणतो तो शब्द कर्जाचाच आहे. म्हणजे आमच्या मुलीचा प्रश्न मुळात देण्याघेण्याचा होता. पुस्तकाच्या पानावर येईपर्यंत त्यातले देणेघेणे गळून गेले आणि नुसती चिन्हे उरली.

शून्याने भागायचे का नाही?

दुसरा प्रश्न सातवीतल्या मुलाचा. "मोबाइलमध्ये ५ भागिले ० केलं तर एरर येतो. मोबाइललापण येत नाही का?"

भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी. १२ मधून ३ चार वेळा काढले की शून्य उरते, म्हणून उत्तर ४. आता १२ मधून शून्य किती वेळा काढले म्हणजे शून्य उरेल? कितीही वेळा काढा, १२ हे १२ च राहतात. दुसऱ्या बाजूने तपासा. शून्याला कशाने गुणले म्हणजे १२ येतील? अशी संख्याच नाही. आणि ० भागिले ० म्हटले तर उलटी अडचण येते. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते, त्यामुळे कोणतेही उत्तर चालते. एकीकडे एकही उत्तर नाही, दुसरीकडे सगळीच उत्तरे. ज्या प्रश्नाला नेमके एक उत्तर देता येत नाही, तो भागाकार गणिताने मोजलाच नाही. मोबाइलला येत नाही असे नाही. तो बरोबर सांगतो आहे.

या प्रश्नातली खरी गंमत पुढे आहे. ज्या ब्रह्मगुप्ताने शून्याचे इतके सुंदर नियम लिहिले, त्याने ० भागिले ० बरोबर ० असे सांगितले होते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी एखाद्या संख्येला शून्याने भागले तर येणारी राशी अनंत मानली. आजच्या अंकगणितात यांपैकी काहीही ग्राह्य धरत नाहीत. हे सांगितल्यावर तो मुलगा डोळे मोठे करून म्हणाला, "म्हणजे ते पण चुकले?"

हो, चुकले. म्हणून ते लहान होत नाहीत. पण एवढे मात्र कळते की गणितात कोण म्हणाले याला शेवटी किंमत नाही. सातवीतल्या मुलालाही गुणाकार करून ब्रह्मगुप्ताचे उत्तर तपासता येते. ज्यांच्या शब्दाला पिढ्यानपिढ्या किंमत दिली गेली नाही, अशा घरातल्या मुलांनी ही गोष्ट लहानपणीच अनुभवली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सत्तावीस की वीस सात?

एका पालक ताईंनी तक्रार केली की दुसरीतला मुलगा 'सत्तावीस' सांगितले की ७२ लिहितो. "लक्षच नाही त्याचं." आम्ही त्याला जवळ बसवून विचारले. तो म्हणाला, "आधी सात ऐकू येतं ना."

त्याचे लक्ष होते. उलट, फारच होते. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी लिहितो. शिवाय 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी. हे पोराला कुणी सांगितलेलेच नसते. इंग्रजीत, कन्नडमध्ये, तेलुगूत वीस आधी आणि सात नंतर येते.

याच कारणासाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या वाचनाच्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले गेले, आणि राज्यभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की मुलांच्या मनातली भीती कमी व्हावी म्हणून हा पर्याय आहे. दुसऱ्या बाजूने मराठीची मोडतोड होते आहे, असा आरोप झाला. विनोदही खूप झाले. त्या सगळ्या गदारोळात दुसरीतल्या मुलाला नेमके काय अडते, हे विचारणारे थोडेच होते.

आमचे मत विचाराल तर, 'सत्तावीस' टिकले पाहिजे. बाजारात, एसटीत, आजीशी बोलताना तेच लागणार. पण शिकवताना "सत्तावीस म्हणजे वीस आणि सात" हे दहा वेळा मोठ्याने म्हणायला काय हरकत आहे? आम्ही त्या मुलाकडून तसे म्हणवून घेतले. दोन रविवारांत ७२ लिहिणे थांबले. "लक्ष नाही" हा शेरा मात्र त्याच्यावर त्याआधी वर्षभर बसला होता.

सिद्ध झाले म्हणजे काय झाले?

मोठ्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त वाद याच शब्दावर होतो. कुणी म्हणते, "विज्ञानानं सिद्ध झालंय." दुसरा म्हणतो, "विज्ञान तर रोज बदलतं, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा?" दोघेही थोडे बरोबर आहेत आणि थोडे चुकतात. कारण गणितातले 'सिद्ध' आणि विज्ञानातले 'सिद्ध' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही मुलांना एक खेळ दिला. कोणतीही संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, मग ४१ मिळवा. १ घेतले तर ४३ येतात. २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३, ४ घेतले तर ६१. सगळ्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतः यांशिवाय कशानेही भाग न जाणाऱ्या. मुलांनी गट करून दहापर्यंत तपासले, मग वीसपर्यंत. एक जण ओरडला, "सिद्ध झालं! नेहमी मूळ संख्याच येते." आम्ही म्हटले, चालू ठेवा. ३९ पर्यंत खरोखर मूळ संख्याच येते. ४० घेतले की येतात १,६८१, आणि ते आहेत ४१ गुणिले ४१. चाळीस उदाहरणे बरोबर, एकेचाळिसावे चूक. (शून्यापासून मोजले तर.)

म्हणून गणितात उदाहरणे कितीही दिली तरी सिद्धता होत नाही. १७४२ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या मोठ्या गणितज्ञाला पत्र लिहून एक अटकळ कळवली. आज आपण ती अशी सांगतो: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १० म्हणजे ३ अधिक ७. २८ म्हणजे ५ अधिक २३. संगणकाने ४ वर अठरा शून्ये एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून पाहिले आहे, एकही अपवाद मिळालेला नाही. तरीही गणितज्ञ तिला सिद्ध झालेली म्हणत नाहीत. सहावीच्या मुलाला समजेल असा प्रश्न, आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षे जगाला सुटलेला नाही. हे कळल्यावर मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो. "म्हणजे सगळं संपलेलं नाही!"

विज्ञानाला अशी कायमची सिद्धता मिळत नाही. विज्ञान निसर्गाला प्रश्न विचारते, पुरावा गोळा करते आणि नवा पुरावा आला तर मत बदलते. जठरातला अल्सर ताणामुळे आणि आम्लामुळे होतो, असे डॉक्टर अनेक वर्षे मानत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी सांगितले की त्यामागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो. फारसे कुणी मानेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली. पुरावे वाढत गेले, उपचार बदलले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आज अनेक रुग्ण प्रतिजैविकांच्या काही दिवसांच्या गोळ्यांनी बरे होतात. विज्ञान बदलले म्हणूनच बरे झाले. जे पुरावा पाहूनही बदलत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणे जास्त धोक्याचे आहे.

याच जागी 'थिअरी' या शब्दाने गोंधळ होतो. बोलताना आपण "ही माझी थिअरी आहे" म्हणतो तेव्हा आपल्याला अंदाज म्हणायचा असतो. विज्ञानात थिअरी म्हणजे अनेक बाजूंनी तपासून टिकलेले स्पष्टीकरण. रोग जंतूंमुळे होतात, हीही थिअरीच आहे, आणि तिच्यावर भरवसा ठेवून आपण पावसाळ्यात पाणी उकळून पितो. त्यामुळे "उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे" असे कुणी म्हणाले, तर आधी त्याला विचारा की तो पाणी उकळतो का.

आणि पुरावा म्हटला की प्रयोगशाळाच लागते असेही नाही. "जड वस्तू आधी पडते ना?" या प्रश्नाला आम्ही एक पुस्तक आणि कागदाचा कपटा घेतला. वेगवेगळे सोडले तर कपटा तरंगत मागे राहतो. मग कपटा पुस्तकावर सपाट ठेवला, पुस्तकाच्या कडेबाहेर न येईल असा, आणि पुस्तक आडवे धरून सोडले. दोन्ही एकत्रच खाली आले. कपट्याला अडवत होती ती हवा. पुस्तकाने हवा बाजूला सारली आणि कपट्याची अडचण मिटली. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर, जिथे हवाच नाही, हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून दाखवले. दोन्ही एकदमच पडले. ते चित्रीकरण मुलांना मोबाइलवर दाखवले. पण त्यांना जास्त पटले ते स्वतःच्या हाताने सोडलेले पुस्तक.

आपल्याकडे येणारे फॉरवर्ड

आता थोडे अवघड बोलायचे आहे.

'वैदिक गणिता'च्या युक्त्या अनेक क्लासमध्ये शिकवतात. ९८ गुणिले ९७ चटकन कसे करायचे? ९८ हे शंभराला २ कमी, ९७ हे ३ कमी. ९८ मधून ३ वजा केले की ९५. २ गुणिले ३ म्हणजे ०६. उत्तर ९,५०६. युक्ती अगदी बरोबर आहे. पण भारती कृष्ण तीर्थ यांचे हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातली सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत आढळत नाहीत, हे त्या पुस्तकाच्या संपादकांनीच नोंदवलेले आहे. युक्ती खरी, पत्ता खोटा. ती का चालते याचे उत्तर बीजगणितात आहे: (१०० − २) × (१०० − ३). कंस सोडवलात की शेवटी (−२) × (−३) येते, म्हणजे अधिक ६. आमच्या नववीतल्या मुलीचा प्रश्न इथेही दबा धरून बसला आहे!

हे सांगितले की आपल्या बैठकीत टाळ्या मिळतात. पण मग तीच फूटपट्टी आपल्यालाही लावली पाहिजे. आपल्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी आइन्स्टाइनचे एक वाक्य फिरते. आधुनिक विज्ञानाच्या गरजा पुरवणारा एकच धर्म असेल तर तो बौद्ध धम्म, अशा आशयाचे. मुलांनी विचारले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" आम्ही शोधले. १९३० मधल्या धर्म आणि विज्ञानावरच्या लेखात आइन्स्टाइनने बौद्ध विचाराचा आदराने उल्लेख केलेला आहे, हे खरे. पण फिरणारे ते वाक्य त्याच्या लेखनात सापडत नाही. बुद्धांनी अणू शोधला, गुरुत्वाकर्षण सांगितले, असेही संदेश येतात. त्यांचीही गत तीच.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हे आवडले नाही. "आपल्या बाजूचं आहे, असू द्या की," ते म्हणाले. त्यांची भावना आम्हाला कळते. ज्यांना कायम अडाणी ठरवले गेले, त्यांना जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाची शाबासकी हवीशी वाटणारच. पण मुले पाहत असतात. दुसऱ्याच्या दाव्याला पुरावा मागायचा आणि आपल्याला सूट द्यायची, हे त्यांनी पाहिले, तर प्रश्न विचारणे हे फक्त भांडणात वापरायचे हत्यार आहे, एवढेच ती शिकतील. स्वतः येऊन पाहा, पारखून घ्या, असे सांगणाऱ्या विचाराला खोट्या प्रमाणपत्राची गरज का पडावी? त्या दिवसानंतर आम्ही अभ्यासिकेच्या ग्रुपवर ठरवले की मूळ ठिकाण माहीत नसेल तर संदेश पुढे पाठवायचा नाही. ज्येष्ठ दादांनीही शेवटी ते मान्य केले. अधूनमधून तेच आता आम्हाला विचारतात, "कुठलं आहे हे? तपासलं का?"

याचा उपयोग काय?

हा प्रश्न वहीत सगळ्यात जास्त वेळा आला आहे. सरळ उत्तर आधी देऊ. पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते. बँक आणि रेल्वेच्या परीक्षांत असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत दुसऱ्या पेपरला किमान ३३ टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरचे गुण कितीही असोत, तुम्ही बाहेर. गणित सोडले म्हणून गणित आपल्याला सोडत नाही. ते पुढच्या प्रत्येक फाटकावर उभे असते.

पण कार्यकर्त्यांसाठी याहून मोठे कारण आहे. समजा, एका गल्लीत पाच घरे आहेत. चार घरांचे महिन्याचे उत्पन्न १०, १२, १४ आणि १४ हजार, आणि पाचव्या घराचे २ लाख. सरासरी काढली तर ५० हजार येते. कागदावर गल्ली सुखवस्तू झाली! पण रांगेत मधल्या घराचे उत्पन्न, ज्याला मध्यक म्हणतात, ते १४ हजारच आहे. कुणी 'सरासरी' म्हणाले की "मध्यक किती?" हे विचारता आले पाहिजे. तसेच टक्केवारीचे. एखाद्या योजनेचा निधी आधी निम्म्याने कापला आणि मग ५० टक्क्यांनी वाढवला, तर तो पूर्ववत होत नाही. १०० चे ५० झाले, त्यात ५० टक्के वाढ म्हणजे ७५. 'भरघोस ५० टक्के वाढ' अशी बातमी वाचून आनंद मानायचा की उरलेले २५ कुठे गेले हे विचारायचे, ते आपल्याला टक्केवारी कळते की नाही यावर ठरते.

बाबासाहेबांची ओळख आपण अनेक नात्यांनी सांगतो. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ चाळून पाहा. सरकारी आकडे आणि तक्ते समोर ठेवून, त्यांतून अर्थ काढत केलेला तो युक्तिवाद आहे. त्यांच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासिकेत आकड्यांना घाबरणारी मुले तयार होत असतील, तर दोष मुलांचा नाही.

गणिताला डोके लागते का?

"काही जणांचं डोकंच गणिताचं असतं," हे वाक्य पालक, शिक्षक आणि मुले सगळेच म्हणतात. आम्ही त्यांना देवळालीच्या एका शाळामास्तरांची गोष्ट सांगतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. विज्ञानाची पदवी घेतली, पण पदव्युत्तर शिक्षण नाही. आयुष्यभर शाळेत शिकवले आणि संख्यांशी खेळत राहिले. १९४९ मध्ये त्यांना एक गोष्ट दिसली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथून हलत नाही.

एका मुलाने १९५६ घेतले. हे साल आमच्या खोलीत कुणाला सांगावे लागत नाही. ९६५१ वजा १५६९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीन पायऱ्यांत! मग प्रत्येकाने आपापले जन्मसाल घेतले आणि अर्धा तास खोलीत नुसत्या वजाबाक्या चालल्या होत्या. एरवी दहा वजाबाक्या दिल्या तर कुरकुर करणारी हीच मुले.

कापरेकरांचे काम बराच काळ करमणूक म्हणून बाजूला टाकले गेले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाने दखल घेतली. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती, मोठ्या विद्यापीठातले पद नव्हते. एक प्रश्न होता आणि तो सोडायचा नाही एवढा हट्ट होता. डोके सगळ्यांनाच असते. प्रश्न धरून बसायला जागा आणि वेळ मात्र सगळ्यांना मिळत नाही.

तुमच्या विहारात एक वही बांधा

मित्रांनो, ती जागा आपण देऊ शकतो. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही, देणगी लागत नाही. एक वही, एक पेन आणि आठवड्यातले दोन तास पुरतात. सगळी उत्तरे आपल्याला येणार नाहीत. आम्हालाही येत नाहीत. वस्तीतला अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बँकेत काम करणारी एखादी ताई यांना महिन्यातून एकदा बोलवा. आणि "मला माहीत नाही, आपण शोधू" हे वाक्य मुलांसमोर मोठ्याने म्हणायला शिका. आम्हाला त्याचा सुरुवातीला संकोच वाटला होता. पण त्या एका वाक्याने मुले जेवढी मोकळी झाली, तेवढी आमच्या कुठल्याही भाषणाने झाली नव्हती.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. पुढे कोणती शाखा घ्यायची हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि आम्ही विचारतही नाही. गेल्या रविवारी तिने वहीत नवा प्रश्न लिहिला आहे: "२ चा घात शून्य म्हणजे १ कसा? काहीच वेळा गुणलं नाही तर काहीच नको का यायला?"

खाली तिनेच कंसात लिहिले आहे, "पाठ कर म्हणू नका."

या रविवारी आम्ही उणे २ च्या पाढ्यासारखाच घातांचा पाढा उलटा लिहिणार आहोत. १६, ८, ४, २... पुढची ओळ तीच सांगेल, अशी आमची खात्री आहे.